गहाणेबाईंचा किनारा

गोंदिया हे मुंबई–कलकत्ता लोहमार्गावर जवळजवळ मध्यावर पडते. पश्चिमेला जा किंवा पूर्वेला, समुद्र सारखाच लांब. तरीही मुलींच्या एका शाळेच्या फळ्यावर दर शनिवारी शाळा सुटताना खडूने एक ओळ लिहिलेली असे : "उद्या किनारा." वेळ लिहीत नसत. छोटी गाडी, म्हणजे चांद्याकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी, सकाळी केव्हा सुटते हे सगळ्यांना ठाऊक होते.

ती ओळ लिहिणाऱ्या यमुना गहाणे त्या शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवीत. देश स्वतंत्र झाल्यानंतर लवकरच त्या तेथे रुजू झाल्या होत्या. समोर लोक त्यांना गहाणेबाई म्हणत, मागे काऊनबाई. आमच्या झाडीपट्टीत 'का' असे कोणी विचारत नाही, 'काऊन' विचारतात. बाईंचे निम्मे शिकवणे त्या एका शब्दावर चाले.

प्रस्तुत लेखक तेव्हा गोंदियाच्या एका साप्ताहिकात बातमीदार होता. शाळेतील बाई मुलींना दर रविवारी रानात नेतात, अशी एका पालकाची तक्रार आली, म्हणून संपादकांनी पाठवले. बातमी झाली नाही. सहलीला जाणे मात्र सुरू राहिले.

किनारा म्हणजे तलावांचा पट्टा. त्या वेळच्या भंडारा जिल्ह्याच्या या टोकाला गाव तेथे तलाव आहे, आणि तो निसर्गाने दिलेला नाही. कोहळी शेतकऱ्यांनी दोन टेकड्यांमधली वाट मातीच्या पाळीने अडवून पाणी धरले आणि त्याच्याखाली धान पिकवले. गहाणेबाई त्याच कोहळी समाजातल्या. बांधगावच्या मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, घरातल्या. बांधगावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. एका काठावरून पाहिले तर दुसऱ्या काठावरची माणसे ठिपक्यांएवढी दिसत. बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि त्याचे त्यांना काही वाटतही नव्हते. "पाण्याला काठ आहे, काठावर माणसं जगून राहिली, म्हणजे झाला किनारा," असे त्या म्हणत.

सहलीला कोणीही येई. शाळेच्या मुली तर असतच. कधी एखाद्या मुलीची आई, कधी रेल्वेतल्या एखाद्या गार्डाची बायको. बाईंची नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात टायरच्या चपला, हातात काळी छत्री. छत्री उन्हासाठी क्वचितच उघडे. ती दाखवण्यासाठी होती. बाईंचा एक नियम होता : कोणी विचारल्याशिवाय सांगायचे नाही. सारस पक्ष्यांचे जोडपे समोर उभे असले तरी बाई गप्प चालत. एखादी मुलगी थांबून "बाई, ते दोघंच काऊन असते?" असे म्हणाली की छत्री वर जाई आणि बाई बोलू लागत. मग पाण्यात आपोआप उगवणारे देवधान, ते खायला येणारे पक्षी, तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी शेतात सोडायचे दगडी दार, ते कोणी घडवले, ढिवरांची, म्हणजे मासेमाऱ्यांची, जाळी केवढ्या डोळ्याची असतात, सगळे निघे. कोणीच काही विचारले नाही तर सहल मुकाट्याने होई आणि परतीच्या गाडीत बाई म्हणत, "आज तुम्ही बैलासारख्या चालल्या. बैल तरी शेपटी हलवते."

बांधगावला पोचल्यावर मात्र त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. चपला काढून त्या पाण्यात घोट्यापर्यंत उतरत आणि ओंजळीने पाणी पीत. मग तोंड पुसून म्हणत, "घरचं आहे."

त्यांचा राग प्रसिद्ध होता, पण आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. एकदा बांधगावातल्या एका ठेकेदाराचे पाहुणे जीपमधून शिकारीला आले होते. पाळीखाली त्यांची पंगत बसली होती आणि बाजूला गवतावर मेलेला सारस पडला होता. त्याची मादी पाण्याच्या पलीकडे उभी राहून ओरडत होती. बाई सरळ बंदूकवाल्या गृहस्थांपाशी गेल्या.

"हा काऊन मारला?"

गृहस्थ गोंदियाचे. हिंदीत म्हणाले, "शौक है, बहनजी."

"जरा मोठ्यानं सांगा. मागच्या मुलींना ऐकू नाही आलं."

गृहस्थ हसले. बाई हलल्या नाहीत. मुलीही हलल्या नाहीत. ताटातला भात निवत चालला. शेवटी गृहस्थ उठून जीपमध्ये जाऊन बसले आणि पंगत मोडली. बाईंनी पुढे एवढेच सांगितले की सारसाची जोडी फुटली की उरलेला दुसरी जोडी धरत नाही असे लोक मानतात. खरे आहे का ते आपण पुढच्या रविवारी येऊन पाहू. पुढचे अनेक रविवार पाहिले. ती मादी एकटीच असे.

राज्याची फेररचना झाली, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि शाळेत तिकडची पुस्तके आली. भूगोलात पहिला मोठा धडा किनारपट्टीचा होता. त्याच वर्षी तिकडचे एक तपासनीस शाळेत आले. त्यांनी वर्गाला विचारले, "समुद्रकिनारा कोणी पाहिला आहे?"

सगळ्या वर्गाने हात वर केले. साहेब चकित झाले.

"कुठे पाहिला?"

"बांधगावले."

"अगं, तो तलाव असेल. किनारा समुद्राला असतो."

आमगावकडून येणारी पटल्यांची एक मुलगी होती, बोलायला धीट. ती म्हणाली, "त्यालेबी काठ आहे, साहेब. ढिवर आहेत, डोंगे आहेत, जाळी आहेत. वारा आला का लाटा येते."

"आणि मीठ?"

"मीठ दुकानात भेटते."

साहेबांना हसू आले नाही. शेरा असा पडला की मुलींना चुकीच्या संकल्पना दिल्या जातात आणि वर्गात अशुद्ध भाषा चालते; मुलींनी 'काऊन' ऐवजी 'का' म्हणावे. मुख्याध्यापिकांनी तो वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "'का' विचारलं तर मुलगी उत्तर घेऊन खाली बसते. 'काऊन' विचारते ती बसत नाही. अशुद्ध असेल, पण उभं राहणं त्यात आहे."

आता बांधगावच्या दगडाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरून झाले.

पाळीच्या मध्यावर, तुडुमाच्या वर, शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्याला धाकटीचा दगड म्हणतात. गोष्ट अशी की पाळ दर पावसाळ्यात फुटे. तेव्हाच्या पाटलाला, म्हणजे बाईंच्याच पूर्वजाला, स्वप्न पडले. त्याप्रमाणे त्याच्या धाकट्या सुनेला पाळीत पुरले आणि मग पाळ टिकली. दर आखाडीला, आषाढातल्या सणाला, गावातल्या बायका त्या दगडाची ओटी भरतात. गोष्ट सांगताना बांधगावात एक वाक्य कधी चुकत नसे : "धाकटी स्वतःच उतरली." बाईंनी ती गोष्ट लहानपणी घरात अशीच ऐकली होती आणि सहलीत कोणी विचारले की त्या ती तशीच सांगत, छत्री दगडाकडे करून, अभिमानाने.

एका उन्हाळ्यात, धान निघून गेलेले, बांध्या कोरड्या पडलेल्या, पण तलावात पाणी भरपूर, असे दिवस होते. पाळीवरच्या आंब्याखाली एक म्हातारा आपली बैलजोडी सोडून बसला होता. बैल पाण्यात तोंड घालून पीत होते. म्हाताऱ्याने गाडीतून तुंबा काढला, वाळवलेल्या भोपळ्याचा, त्याचे बूच काढले आणि त्यातले पाणी प्यायला. पाणी गरम झालेले असणार. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर एवढा तलाव होता. या वेळी विचारले ते बाईंनीच.

"बाबाजी, एवढा तलाव समोर आहे आणि तुंबा काऊन?"

"मी मोहटोल्याचा," म्हातारा म्हणाला. त्यातच उत्तर आले असा त्याचा सूर होता.

"मग?"

"मोहटोल्याचे लोक या तऱ्याचं पानी पेत नाहीत."

"काऊन?"

म्हाताऱ्याने बूच बसवले. "आमची पोरगी आहे ना त्यात."

बाईंनी छत्री जमिनीला टेकवली होती, ती तशीच राहिली.

"ती स्वतःच उतरली म्हणतात, बाबाजी."

"कोन म्हनते?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हंजे बांधगाववाले." म्हातारा हसला, पण वाईट हसला नाही. "राजी असती त मायबापानं पानी पेलं असतं ना? आमी तवापासून पेत नाही. बांधगावले पोरगीबी देत नाही."

"आणि बैल पिऊन राहिले ते?"

"बैलाले कोन सांगन? त्याले थोडी पोरगी असते."

"नाव काय होतं तिचं?"

म्हाताऱ्याने तुंबा गाडीत ठेवला. "नाव नाही राहिलं, बाई. पोरगीच म्हनतो आमी."

बांधगावात ती सून होती, मोहटोल्यात पोरगी. नाव कोणत्याच गावाने ठेवले नव्हते. पण एका गावाने तहान ठेवली होती. किती पिढ्यांची, ते कोणी सांगू शकत नाही. पाळ बांधणाऱ्यांची गोष्ट तोंडाने सांगितलेली होती आणि तोंडाने सांगितलेले बदलते. दर उन्हाळ्यात भरल्या तलावासमोर गरम पाणी पिण्याची रीत कोणी सोयीसाठी रचत नाही.

परतीच्या गाडीत संध्याकाळ होती. मुली चढाओढीने खिडक्या धरून बसल्या होत्या. कोणाच्या तरी आईने आणलेले लाखोळीच्या डाळीचे वडे सगळ्यांना फिरले. बाईंनी घेतले नाहीत. त्यांनी समोर बसलेल्या बातमीदाराला विचारले, "तुम्ही बातमीत 'स्वखुशीने' असं कधी लिहिता?"

"ज्याचं त्यानं तसं सांगितलं तर."

"आणि तो माणूस मेला असेल तर?"

"तर नाही लिहीत."

"दुसऱ्यानं शपथेवर सांगितलं तरी?"

"तर त्या दुसऱ्याचं नाव घालून लिहितो. तो म्हणतो, असं."

बाईंनी मान हलवली. मग खिडकीबाहेर पाहत त्या बोलल्या. त्यांचे लग्न लहानपणी झाले होते आणि नवरा दोन पावसाळ्यांच्या आत वारला होता. तेराव्याला सासऱ्याने जमलेल्या नातेवाइकांना सांगितले की सून स्वखुशीने माहेरी जाते आहे आणि तिचा घरावर काही दावा नाही. "मी तिथंच दारात उभी होती. कोणी माझ्याकडे पाहिलंबी नाही. त्यांनी माझ्या तोंडावर माझी खुशी सांगितली. जिवंत बाईची सांगता येते, तर मेलेलीची कायले नाही येणार?" मग त्या म्हणाल्या, "आणि मी इतकी वर्षं मुलींना तेच शिकवून राहिली."

त्यानंतर त्या विषयावर त्या आपल्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

मालगुजारी जाऊन काही वर्षे झाली होती आणि तलाव सरकारकडे गेले होते. बांधगावच्या पाळीची दुरुस्ती एका खात्याने केली. काम संपल्यावर तुडुमापाशी कोरीव पाटी बसवायची ठरली, मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते. पाटीवरचा मजकूर गावाच्या समितीने द्यायचा होता. समितीचे प्रमुख होते बाईंचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावचे माजी मालगुजार. मजकुरात तलावाचा इतिहास होता आणि त्याच्या शेवटी हे वाक्य : "या पाळीच्या रक्षणासाठी पाटील घराण्याच्या धाकट्या सुनेने स्वेच्छेने आत्मबलिदान केले."

बाईंची मागणी एवढीच होती की 'स्वेच्छेने' हा शब्द काढावा. पाटी बसवू नका असे त्या म्हणाल्या नाहीत. घराण्याला नाव ठेवा असेही म्हणाल्या नाहीत. एक शब्द.

बैठक रविवारी पाळीवरच्या आंब्याखाली झाली. सतरंजीवर मोठे बाबा, गावातले चार प्रतिष्ठित, आणि खुर्चीवर खात्याचे एक साहेब. बाई मुलींना घेऊन पोचल्या. मोठे बाबा वयस्क होते, पण ताठ. आखाडीला त्या दगडापुढे त्यांच्या डोळ्यांत पाणी येताना लेखकाने पाहिले आहे, आणि ते ढोंग नव्हते. हे नमूद केले पाहिजे.

"यमुने," ते म्हणाले, "तू कायले उकरून राहिलीस?"

"एक शब्द काढा, मोठे बाबा. बाकी तसंच ठेवा."

"त्याच शब्दात तर तिचा मान आहे."

"तिचा का आपला?"

मोठे बाबा म्हणाले, "याच पाण्याचा भात खाऊन मोठी झालीस ना?"

"झाली. म्हणूनच बोलून राहिली. ज्यानं खाल्ला नाही त्याला काय पडलं?"

साहेबांनी समजुतीचा सूर लावला. ते शिकलेले गृहस्थ होते आणि मराठी चांगले बोलत. "बाई, लोकभावना असते. एका शब्दानं असा काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर काढा की, साहेब."

मुलींमध्ये हसू फुटले. साहेब लालसर झाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी छत्रीने पलीकडच्या काठाकडे दाखवले. "मोहटोला त्या जंगलामागं आहे. तिच्या माहेरच्यांना बोलवा. त्यांना विचारा ती राजी होती का. ते हो म्हणाले तर हा शब्द मी स्वतः दगडात कोरून देतो." बोलण्याच्या भरात त्या घरच्या बोलीत पुरुषासारखे बोलल्या, कोणाच्या ध्यानात आले नाही.

मोठे बाबा पहिल्यांदाच चिडले. "माहेरच्यांना कोण विचारते? लेक दिली का दिली."

हे वाक्य म्हणताना आपण काही विशेष बोललो असे त्यांना वाटले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते जगाची रीत सांगत होते.

"हे लिहा," बाई म्हणाल्या. "हे खरं आहे. हे लिहा दगडावर."

पाटी बसली. 'स्वेच्छेने' हा शब्द तिच्यावर आहे. ज्याला पाहायचे त्याने जाऊन पाहावे. इतर अक्षरांपेक्षा तो थोडा खोल कोरलेला दिसतो. कारागिराला तशी सूचना होती की त्याचा हात जड पडला, हे कळू शकले नाही.

या प्रकरणात ज्यांनी ज्यांनी निर्णय घेतला ते सगळे साक्षर होते. खात्याकडे नकाशे होते, समितीकडे पिढीजात माहिती होती, साहेबांकडे पदवी होती. मोहटोला पाळीवरून दिसत नसला तरी बैलगाडीने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतका जवळ होता. कोणी गेले नाही. एका बाईच्या मरणाविषयी तिच्या घरच्यांना विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही, आणि जिला वाटली तिच्याविरुद्ध तक्रार झाली. वर्तमानपत्रात शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात की मेलेल्या माणसाच्या मनात काय होते ते लिहायचे नाही. सरकारी दगडाला तो नियम नसतो.

तक्रार अशी होती की गहाणेबाई अभ्यासक्रमाबाहेरच्या सहली काढून मुलींच्या मनात घराण्याविषयी आणि परंपरेविषयी विष कालवतात. शाळेच्या मंडळाने सहली बंद केल्या. शनिवारी फळ्यावर काही लिहायचे नाही असे सांगण्यात आले. एवढ्यावर भागले नाही. बाईंकडून भूगोल आणि इतिहास काढून घेतले आणि त्यांना शिवण शिकवायला दिले. शिवणाची खोली शाळेच्या मागे होती, तिला खिडकी एकच. ज्या बाईने मुलींना तलावाच्या पोटातली दगडी दारे दाखवली तिने आता काज आणि बटण दाखवावे, असा तो निर्णय होता, आणि तो घेणाऱ्यांना त्यात शिक्षा दिसत नव्हती. बायकांनी बायकांची कामे शिकवावी, त्यात वाईट काय, असे मंडळाचे एक सभासद लेखकाला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हते.

बाईंनी विरोध केला नाही. त्यामुळे त्या खचल्या अशी समजूत झाली. शाळेजवळच्या चहाच्या टपरीवर कोणी तरी म्हणाले, "काऊनबाईचं काऊन सुईत ओवलं म्हणा." सगळे हसले.

लेखकाने त्यांना त्या काळात एकदाच शाळेत पाहिले. मुली मांडीवर जाड खादी घेऊन टाके घालत होत्या. कापडाचा आकार ओळखू येईना; पिशवी म्हणावी तर तळ गोल, टोपी म्हणावी तर वर बंद ओढायला नाडी.

"हे काय शिवून राहिल्या?"

"खोळी," बाई म्हणाल्या.

"कशाच्या?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "विचारलं ते बरं केलं. पण अजून झाल्या नाहीत."

रविवारी बाई छोट्या गाडीने जातच होत्या, एकट्या. शाळेचा त्यावर हक्क नव्हता. हळूहळू काही मुलींच्या आया त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. त्या सहलीला जात नसत. बाजाराला जातात तशा जात, आणि आया जातात तेथे मुली जातात. फळा कोरा राहिला. गाडी भरू लागली.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. नव्या राज्याचे एक बडे अधिकारी तलाव पाहायला बांधगावला आले, म्हणून साप्ताहिकाने लेखकाला पाठवले. उन्हाळा होता. मोठे बाबा काठी टेकत साहेबांबरोबर पाळीवरून चालत होते. तुडुमापाशी साहेबांनी पाटी वाचली, शेवटपर्यंत, आणि शेवटच्या वाक्याशी टोपी काढली. "किती उदात्त," ते म्हणाले. मोठ्या बाबांनी मान झुकवली.

पाळीच्या पलीकडच्या अंगाला, आंब्याखाली, बायका आणि मुली येऊन बसल्या होत्या. चालून आलेल्या, घामाघूम. गहाणेबाई पाण्याकडे तोंड करून थोड्या बाजूला उभ्या होत्या. पूर्वी येथे पोचले की त्या प्रथम चपला काढून पाण्यात उतरत. त्या दिवशी चपला पायातच होत्या. त्यांच्या खांद्यावर खादीची खोळ होती. तिच्यातून त्यांनी तुंबा काढला, बूच काढले आणि पाणी प्याल्या. मग बायकांनी खोळी सोडल्या, मुलींनी सोडल्या. सगळ्यांच्या खोळी एकाच कापडाच्या, एकाच टाक्याच्या. भरल्या तलावाच्या काठावर सगळ्या जणी घरून आणलेले पाणी पीत होत्या.

साहेबांना गंमत वाटली. जवळ बसलेल्या मुलीला त्यांनी विचारले. ती पटल्यांची मुलगी होती, आता पुष्कळ उंच झालेली.

"पाणी तर समोर आहे. मग हे ओझं कशाला?"

मुलीने बाईंकडे पाहिले. बाईंनी मागे वळून पाहिले नाही.

"आम्ही या तलावाचं पाणी पीत नाही, साहेब."

"का बरं?"

"आमची पोरगी आहे त्यात."

साहेबांना कळले नाही. त्यांनी पाटीकडे पाहिले, मग मोठ्या बाबांकडे. "ही कोणाची पोरगी म्हणतात?"

"आमची सून," मोठे बाबा म्हणाले. आवाज पूर्वीसारखा ताठ नव्हता. त्यांची नजर साहेबांवर नव्हती. आपल्या पुतणीच्या हातातल्या तुंब्यावर होती. त्या घरच्या माणसाने त्या तलावाचे पाणी नाकारलेले त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले असावे.

"पण मग या मुली..." साहेब म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा पाटीजवळ गेले. या वेळी त्यांनी टोपी काढली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, वाकले, आणि एका शब्दावर बोट ठेवले. "हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारले.



बाई तोवर निघाल्या होत्या. छोट्या गाडीची वेळ होत आली होती. मुलींनी बुचे घट्ट बसवली, खोळी खांद्याला लावल्या आणि पाळीवरून त्यांच्यामागे चालू लागल्या. बरेच लांब गेल्यावर रांग थांबलेली दिसली, आणि काळी छत्री पाण्याच्या दिशेने वर गेली. कोणी तरी काऊन विचारले असणार.